यशची दाद

तमिळ मुलखातल्या पोरूरच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर तीन भाषा चालतात आणि गुपित एकही टिकत नाही. त्यामुळे सावनीचा यश सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, ही बातमी लिफ्टच्याही आधी सगळ्या मजल्यांवर पोचली होती. सल्ले उलट दिशेने वर आले. कुणी म्हणालं, कावळ्याचा उष्टा घास द्या. कुणी म्हणालं, देवळातली घंटा त्याच्या हातून वाजवा. शेजारच्या कनकामामी तर वसंबू उगाळूनच घेऊन आल्या.

"जिभेस लाव, सावनी. आमच्या तंजावरात अस्कीं पोरं यावरच बोलली."

कनकामामी तंजावरच्या मराठी; त्यांच्याकडे 'अस्कीं' म्हणजे सगळी. त्यांचं मराठी ऐकलं की पोथीतलं पान तमिळ चालीवर वाचल्यासारखं वाटतं. पण सावनीच्या सासूबाई, रत्नप्रभाबाई, परक्या हातचं औषध नातवाच्या तोंडात जाऊ देतील तर शपथ! "आमच्यात वेखंड लावतात," म्हणाल्या, आणि आपली डबी काढली. दोघींनी डब्या नाकाशी नेल्या. वास एकच. वसंबू म्हणजेच वेखंड, हे कळेपर्यंत यशच्या जिभेवर दोन्ही घराण्यांचा एकेक लेप बसला होता. तो थुंकला, आणि घरात पुन्हा शांतता.

शांतता! सावनीला त्याच शब्दाचा धसका बसला होता. सांगलीत ही मुलगी एस.टी.च्या कंडक्टरशीही गप्पा ठोकायची. लग्न होऊन इथे आली आणि तिची वाचाच गेली. तमिळ येईना, इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा. नवरा देवेश इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, कंपनीच्या बसने उजाडता जायचा आणि येऊन मोबाइलमध्ये तोंड खुपसायचा. बाळंतपणासाठी आलेले सासू-सासरे "आता येतोच आहे उन्हाळा", "आता येतेच आहे दिवाळी" असं म्हणत राहूनच गेले. दाराला लोखंडी ग्रिल, ग्रिलला कुलूप, आणि कुलपाची किल्ली रत्नप्रभाबाईंच्या कनवटीला. का, तर परमुलूख, चोरांची काय खात्री! चोर कधी आला नाही. सावनीही कधी एकटी बाहेर गेली नाही.

दीड वर्षाच्या लसीला गेले तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, "शब्द किती बोलतो?" सावनीने तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी उत्तर दिलं, "आमचा देवेश चार वर्षांनी बोलला. घराण्यातच आहे." डॉक्टर म्हणाल्या होत्या, तरी एकदा कान तपासून घ्या. ते वाक्य दवाखान्यातच राहिलं. सावनीच्या पोटात मात्र ते रुतून बसलं होतं. ती यशच्या पाठीमागे उभी राहून बिस्किटाचा पुडा चुरगाळायची. कधी हळूच हाक मारायची. पोरगं खेळत राहायचं. पुढून गेलं की हसायचं, पाठीमागून काही नाही.

"अहो, आपण कान दाखवू या ना त्याचे," ती देवेशला म्हणायची.

"बघू."

देवेशचा हा शब्द बिल्डिंगभर प्रसिद्ध होता. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा तो तेवढंच बोलायचा. घराण्यात काही असेल तर ते हेच.

सासूबाईंकडे विषय काढला तर त्यांचा चेहराच बदलायचा. त्यांच्या माहेरी एका भावाला लहानपणी कुणीतरी 'मुक्या' म्हटलं होतं. पुढे तो बोलला, शिकला, तलाठी झाला, पण मरेपर्यंत गावाला तो मुक्याच. "एकदा दवाखान्याच्या कागदावर चढलं की पोराला जन्मभर चिकटतं, सावनी. तू अजून लहान आहेस. गप्प राहा." सावनी गप्प राहायची. दुसरं येत काय होतं तिला इथे?

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सासूबाईंनी नवा कायदा काढला. तीन भाषांनी पोर गोंधळतं, तेव्हा घरात तमिळ बंद! आता घरात तमिळ बोलणारी एकच, कामाला येणारी वसंता. तिचा आवाज असा, की ती तिसऱ्या मजल्यावर बोलली की खालचा वॉचमन "आलो, आलो" म्हणायचा. यशपुढे फतकल मारायची, त्याच्या नाकाला नाक लावायची आणि लाडाने ओरडायची, "वा, कण्णा, वा!" मग त्याला कडेवर घेऊन लिफ्टपर्यंत फिरवून आणायची. कायदा झाला आणि वसंता फुगली. मराठी येत नाही, तमिळ बोलायचं नाही. तोंड मिटून भांडी आपटायची आणि निघून जायची. लिफ्टची फेरीही गेली.

पण गंमत अशी, की नेमक्या त्याच दिवसांत यशला शब्द फुटला. आणि शब्द तरी कोणता?

सासरे, अनंतराव, संध्याकाळी मोबाइलवर तानपुरा लावून गायला बसत. त्यांच्या गाण्याबद्दल बिल्डिंगचं मत काय, ते विचारू नये. एका संध्याकाळी त्यांनी हातवारे करत तान घेतली, आणि ग्रिलला चिकटून त्यांच्याकडे बघत उभा असलेला यश ओरडला, "वा!" शिवाय हातही हलवला. अनंतरावांची तान जागीच थबकली. "रत्ना, ऐकलंस? दाद दिली पोरानं! पहिला शब्द 'वा'! रसिक आहे लेकाचा!" तेव्हापासून रोज मैफल, रोज दाद. अनंतराव मांडीवर थाप मारून खूश. सासूबाई दृष्ट काढायच्या. "बघितलंस? बोलतोय की नाही? आता कान-बीन काढू नकोस." सावनीच्या हातातली शेवटची काडीही गेली. मूल बोलत नाही असंही आता म्हणता येईना.

तिला एवढंच दिसायचं, की आजोबांनी टाळ्या वाजवल्या की यश आणखी मोठ्याने "वा! वा!" करतो आणि शेवटी ग्रिलवर डोकं टेकून रडतो. दाद देणारा माणूस रडतो कशाला?

एका शनिवारी अनंतरावांना आपला श्रोता जगाला दाखवायची हुक्की आली. कनकामामी आणि त्यांचे यजमान सेतुमाधवराव यांना फराळाला बोलावलं. सेतुमाधवराव बिचारे सोशीक, समोरच्या चिवड्याकडे बघत बसले. तानपुरा लागला. अनंतरावांनी आलापी संपवून तान सोडली. ग्रिलपाशी यश लगेच, "वा! वा!"

"ऐकलंत?" अनंतराव फुलून म्हणाले. "जागा कळते त्याला!"

कनकामामी पोराकडे बघत होत्या. त्याचा हात कुठे वर उचललेला नव्हता. तळवा खाली करून चारी बोटं तो आपल्याकडे ओढत होता.

"अय्यो, राव! दाद कसली? तो बोलवतोय की!"

"म्हणजे?"

"तमिळात 'वा' म्हणजे ये. आमची वसंता हात असाच करते. पोर 'ये, ये' म्हणून हाक मारतंय, आणि तुम्ही अस्के मिळून टाळ्या वाजवता!"

सेतुमाधवरावांनी चिवडा खाली ठेवला. तानपुरा एकटाच वाजत राहिला. मामी उठल्या, यशच्या पाठीशी गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "यश, मी आले रे." पोर ग्रिलकडेच बघत होतं. "यश!" नाहीच. मग त्या त्याच्यापुढे जाऊन बसल्या, तेव्हा त्याने दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले.

सावनी उठली. इतके महिने मनात जुळवलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली. तीनच शब्द उरले.

"आई, किल्ली द्या."

नेहमीचं 'ना' त्यात नव्हतं. रत्नप्रभाबाईंचा हात कनवटीवर गेला आणि तिथेच राहिला. "कागदावर चढेल गं..." त्या पुटपुटल्या.

अनंतरावांनी मोबाइल बंद केला. "दे, रत्ना," म्हणाले. "रोज हाक मारत होता तो मला. मी टाळ्या घेत बसलो."

देवेश 'बघू' म्हणायला तोंड उघडत होता. सावनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ते मिटलं आणि सोमवारची रजा टाकली.

कानाच्या तपासणीला डॉक्टर विद्यालक्ष्मी होत्या. त्या भराभर तमिळमध्ये बोलत आणि कनकामामी सावनीसाठी मराठी करत. "दोन्ही कानांत पडद्यामागं पाणी साचून बसलंय म्हणते. आपण विहिरीत बुडी मारली की वरचं बोलणं ऐकू येतं न, तसं त्याला अस्कं ऐकू येतं म्हणते." म्हणून तर नाकाला नाक लावून ओरडणाऱ्या वसंताचा तेवढा एक शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. "काही महिने बघायचं, पाणी नाही ओसरलं तर बारीक नळी घालायची. बोलण्याचे धडे मात्र आतापासूनच." मग मामींनी आवाज उतरवला. "दीड वर्षाला एक शब्द नाही, तेव्हाच का नाही आणलं, असं विचारते. दोन वर्षाला दोन शब्द जोडून बोललं पाहिजे म्हणते. आणि मूल हाकेला वळत नसेल, तर वयच बघायचं नाही, लगेच यायचं."

"आणि तीन भाषा?" मागून रत्नप्रभाबाईंनी विचारलं. किल्ली दिली तरी त्या सोबत आल्या होत्याच.

"तीन बोला, चार बोला. पोर त्यानं मुकं होत नाही. तोंडासमोर बसून बोला म्हणते."

सावनी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातूनही ते ऐकू गेलं; भिंती पातळ आहेत.

पाणी अजून ओसरलेलं नाही. देवेशची बस तशीच उजाडता येते, आणि गावी परतायचा विषय सासू-सासऱ्यांनी अजून काढलेला नाही. ग्रिलही आहेच. किल्ली मात्र आता दाराजवळच्या खिळ्यावर असते. वसंताला बोलायची परवानगी मिळाली आहे आणि वॉचमन पुन्हा "आलो, आलो" म्हणू लागला आहे.

अनंतराव संध्याकाळी गायला बसतात. सूर लागतो न लागतो, तोच ग्रिलपाशी "वा!" होतं. मग ते गाणं तिथेच टाकतात, गुडघे धरून उठतात, यशपुढे खाली बसतात आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन मोठ्याने म्हणतात, "आलो रे!" खिळ्यावरची किल्ली काढतात आणि आजोबा-नातू लिफ्टपर्यंत जातात. गाणं रोज अर्धवट राहतं. त्याबद्दल बिल्डिंगमधल्या कुणाचीही तक्रार नाही.