आक्कानं बारक्यावर सत्तूर उचलला तो दिवस

अख्ख्या कत्तलखान्यात हाडं तोडण्याच्या ओट्यावर एकच बाई होती आणि तिला सगळे आक्का म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मुकादमसुद्धा. आकड्याला लटकत आलेलं सोललेलं जनावर समोर आलं की आक्का कण्याच्या मधोमध नजरेनं एक रेघ ओढायची आणि सत्तूर हाणायची. दोन घावांत काम तमाम. तिसरा घालावा लागला तर दिवसभर तिच्याशी बोलायची सोय नसायची. बावीस वर्षं ती हेच करत होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या हत्यारानं माणसाचं रक्त काढलं नव्हतं, तिचं स्वतःचं सोडून.

माणसाचं हाड मात्र तिनं एकदा मोडलं होतं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि बारक्या, तिचा भाऊ, सहा. ताट सांडलं म्हणून बापानं बारक्याला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत आक्कानं दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि बापाच्या मनगटावर घातला. बाप जमिनीवर लोळत शिव्या देत होता, तेवढ्यात तिनं भावाला काखोटीला मारलं आणि घर सोडलं ते कायमचं.

त्या घरात पोटभर जेवण असं कधी मिळालंच नव्हतं. बाप आधी जेवणार, उरलं तर बाकीच्यांनी. त्यामुळे स्वतःचा पगार सुरू झाल्यावर आक्का जेवायला बसली की हात आखडता घेत नसे. बारक्यालाही दाबून खाऊ घालायची, पण तो काडीचा काडीच राहिला आणि त्याच्या वाटचं सगळं तिच्या अंगाला लागलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं आणि उजवा गुडघा पार कामातून गेला होता.

हाडांचा डॉक्टर म्हणाला, “आधी वीस किलो उतरवा, मग सुरी लावतो.”

“माझ्याकडे येणाऱ्याला अशी अट नसते,” आक्का म्हणाली. डॉक्टरला हसू आलं, पण त्यानं चिठ्ठी लिहून तिला वजनाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

डॉक्टरीणबाई चिमणीएवढ्या, पण नजर मुकादमाची. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, दोन्ही दंडांचं बीपी बघितलं. मग गोळ्यांची पट्टी पुढे ठेवून तिच्यावर हात ठेवला.

“आधी ऐका, मग उचला. ही भूक मारणारी गोळी आहे, चरबी वितळवणारी नाही. जेवण तुम्हालाच बदलायचंय, ही फक्त मदतीला. सकाळी एक. दुपारी घेतलीत तर झोप उडेल. सर्दीखोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. दर दोन आठवड्यांनी बीपी दाखवायचं. छातीत धडधडलं, दम लागला, तर गोळी बंद करून थेट इथे. बारा आठवड्यांपुढे मी देणार नाही. आणि वजन अडलं तर गोळी वाढवायची नाही, मला सांगायचं.”

“बरं.”

“डोक्यात राग चढायला लागला तरी सांगायचं.”

“राग तर आमचा घरचाच आहे, डॉक्टर.”

“नेहमीपेक्षा जास्त चढला तर,” त्या म्हणाल्या आणि पट्टीवरचा हात उचलला.

पहिले सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. आक्का सांगितल्याबरहुकूम वागली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पोटातलं ते भुकेनं कोकलणारं पोर गप्प बसलं होतं. अर्धं ताट रिकामं झालं की हात आपोआप थांबायचा. सात किलो उतरले. आक्का भावाच्याच घरी राहायची; भावजय कौतुकानं म्हणाली, “वन्सं, तुमचा झगा आता दोघींना पुरेल!”

सातव्या आठवड्यात काटा अडला. आठव्यातही तिथेच. डॉक्टरीणबाईंना सांगायचं तर ओटा सोडून अर्धा दिवस जायला हवं होतं. आक्का गेली नाही. गाडीवर माल चढवणारा एकजण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “हीच गोळी माझ्या बायकोला दिली होती. तिला झेपली नाही. पट्ट्या तशाच पडून आहेत. आणू?” त्यानं भल्यासाठीच विचारलं होतं. आक्कानंही भल्यासाठीच हो म्हटलं. सकाळी एक होतीच, आता दुपारी दुसरी सुरू झाली. शीतगृहात आत-बाहेर करून नाक कायम वाहायचं, त्याला सर्दीची लाल गोळी. बीपी दाखवायची तारीख एकदा चुकली, मग दुसऱ्यांदा चुकवली.

काटा पुन्हा हलला. एकशे सात. एकशे चार. लोक म्हणायचे, आक्का, काय जादू केलीस! त्या कौतुकानंच घात केला.

कारण झोप गेली होती. रात्रभर ती दात खात पडायची. तोंडाला कोरड, आणि छातीत कुणीतरी आतून लाथा घालतंय असं वाटायचं. सत्तूर धरलेली बोटं थरथरायला लागली. दोन घावांचे चार झाले, कण्याऐवजी बरगड्या फुटायला लागल्या आणि कपच्या शेजारच्या ओट्यापर्यंत उडायला लागल्या. एकदा शीळ घालणाऱ्या एका पोऱ्याची तिनं गचांडी धरली आणि त्याला लाद्यांच्या भिंतीवर असा दाबला की चौघांनी ओढून सोडवला. घरी एक दिवस भावजय गाजर खात होती. तो करकर आवाज आक्काला सहन होईना. तिनं समोरची काचेची बशी उचलली आणि भिरकावली. बशी भावजयीच्या कानाजवळून जाऊन कपाटावर फुटली. भावजय काचा गोळा करत राहिली आणि आक्का तिच्याकडे बघत राहिली. माफी मागावी असं तिला वाटलं, पण तिनं मागितली नाही.

बारक्या तिच्या शेजारच्याच ओट्यावर मांस सोडवायचं काम करायचा. त्यानं दुसऱ्या दिवशी तिचं कामावरचं कपाट उघडलं आणि सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या.

सकाळचे अकरा वाजले होते. आक्काच्या समोर अर्धं फोडलेलं जनावर होतं. बारक्या जवळ येऊन म्हणाला, “आक्का, तुझ्या गोळ्या मी मोरीत टाकल्या. सुट्टी झाली की आपण डॉक्टरीणबाईंकडे जातोय.”

“कुठल्या मोरीत?”

“रक्ताच्या. गेल्या त्या.”

“तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?”

“तुझे डोळे बघ एकदा आरशात. आपल्या बापाचे—”

पुढचा शब्द निघालाच नाही. आक्कानं वळून सत्तूर घातला. बारक्यावर पडली ती धार नव्हती, बोथट बाजू होती. ती तिनं स्वतः फिरवली की थरथरत्या मनगटात आपोआप फिरली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिला ओळखता आला. दिवसातून शंभरदा ऐकायची ती. बारक्या गुडघ्यांवर आला. ती थांबली नाही. दुसरा घाव खांद्यावर बसला, कातडी फाटली आणि पांढऱ्या झग्यावर त्याचं रक्त जनावराच्या रक्तात मिसळलं. बारक्यानं हात वर केला नाही, ओरडलाही नाही. सहा वर्षांचा असताना करायचा तसंच डोकं दोन्ही गुडघ्यांत घालून बसला.

तिसऱ्यांदा सत्तूर वर गेला, तेव्हा मुकादमानं फरशी धुवायच्या मोठ्या नळीचा फवारा तिच्या तोंडावर सोडला. पाण्याच्या माऱ्यानं ती मागे फेकली गेली, पाठ ओट्याच्या कडेवर आपटली, सत्तूर घसरत मोरीपर्यंत गेला. उठायला गेली तर छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. भावापासून दोन हातांवर ती लाल पाण्यात आडवी पडली आणि मासोळीसारखी तोंड उघडत राहिली.

दोघांना एकाच गाडीतून इस्पितळात नेलं. आक्काची नाडी मोजता मोजता नर्स थांबली आणि तिनं पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

“किती गोळ्या घेत होतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“एक.”

“आक्का, खोटं सांगाल तर मी चुकीचं औषध देईन आणि तुम्ही माझ्या हातून मराल.”

“दोन,” आक्का म्हणाली. “कधी तीन. आणि सर्दीची लाल गोळी, रोज.”

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, मग कामाला लागल्या. दोन दिवस आक्काच्या छातीवर तारा होत्या. काळजाला कायमची इजा झाली नाही, पण थोडक्यात वाचलात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पोलीस आला. बारक्यानं आधीच जबाब दिला होता, ओल्या फरशीवर पाय घसरला आणि ओट्यावर आपटलो म्हणून. पोलिसानं तो आक्काला वाचून दाखवला आणि सहीसाठी कागद पुढे केला.

“घसरला नाही तो,” आक्का म्हणाली. “मी मारलं. दोनदा. मुकादमानं पाणी सोडलं नसतं तर तिसऱ्यांदा मारलं असतं.”

“गोळीच्या अमलाखाली होतात, असं लिहू?”

“लिहा. पण गोळी काही कुणी माझ्या तोंडात कोंबली नव्हती, तेही लिहा.”

खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी दोन वर्षं चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेतली आणि रागाच्या उपचारांना जायची सक्ती केली. कत्तलखान्यानं तिच्याकडून हत्यार कायमचं काढून घेतलं आणि तिला झगे-बूट धुण्याच्या खोलीत कामाला लावलं. पट्ट्या आणून देणारा तिथे येऊन ढसाढसा रडला. ती म्हणाली, “रडू नकोस. पण घरातलं उरलेलं औषध दुकानात परत देऊन ये, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.” भावाच्या घरातलं आपलं सामान तिनं स्वतःच हलवलं. एक खोली, एक खाट, एक खुर्ची. बारक्याचा निरोप आला नाही आणि तिनंही पाठवला नाही.

ती गोळी तिच्यासाठी संपली होती. “औषध वाईट नव्हतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझे कितीतरी रुग्ण ते नीट घेतात. पण तुम्हाला यापुढे ते कुणीही देणार नाही, मी तसं कागदावर लिहिलंय.” गोळी सुटल्यावर पोटातली भूक दुप्पट जोरानं परत आली. पहिल्या तीन महिन्यांत सहा किलो चढले. आक्कानं ते लपवलं नाही. दर दोन आठवड्यांनी जायची, काट्यावर उभी राहायची, शिव्या हासडायची आणि मोजून जेवायची. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालायची. तिथल्या म्हाताऱ्या तिला मागे टाकायच्या. एकदा तिला एका म्हातारीचं डोकं पाण्यात दाबावंसं वाटलं. तिनं तेही रागाच्या उपचारवाल्याला सांगितलं.

पावणेदोन वर्षांनी काटा अठ्ठ्याण्णववर आला आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती. आक्कानं ती जागा कोरी ठेवली. शस्त्रक्रियेच्या सकाळी नर्सनं तो कागद परत आणला, तर त्यावर सही होती, वाकडीतिकडी, डाव्या हातानं केलेली.

बारक्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. उजवा हात त्याचा खांद्याच्या वर जात नव्हता आणि त्याच्या बोटांत पेन धरायचं बळही उरलं नव्हतं.

“डॉक्टरीणबाईंनी कळवलं,” तो म्हणाला.

“जवळ ये की.”

“इथेच बरा आहे. अजून भीती वाटते तुझी, आक्का.”

आक्कानं मान हलवली. मग ती म्हणाली, “मलाही वाटते.”

शस्त्रक्रिया झाली. तो रोज यायचा आणि दाराशीच बसायचा. तिसऱ्या दिवशी व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, आज उभं राहायचं, एका बाजूनं कुणीतरी धरायला हवं. बारक्या उठला. आला आणि त्यानं आपला डावा खांदा पुढे केला. आक्कानं त्यावर हात नुसता टेकवला.

“नीट धर,” तो म्हणाला, “पडशील.”

तिनं धरलं. दोघं खिडकीपर्यंत गेले आणि तिथून परत.