लॉकच्या पोटातले आकडे

बेल्ह्याच्या बैलबाजाराचं नाव निघालं की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघून हसतात. मला मात्र ती केस अजून जशीच्या तशी आठवते. चोरीला गेलेलं घड्याळ मनगटावर घालून तक्रार द्यायला आलेला माणूस मी अख्ख्या नोकरीत तो एकच पाहिला.

तळेघरकडचा भातशेतकरी. ठाणे अंमलदारानं त्याला हसत हसत बाकावर बसवून ठेवलं होतं. मी विचारलं, "मग हातात हे काय आहे?"

"हे माझं न्हाई, साहेब. दिसाया तसंच हाये. बदललंय कुणीतरी."

त्याचे वडील मुंबईला एका परदेशी साहेबाकडे स्वयंपाकी होते. मायदेशी परतताना साहेबानं आपलं भारी घड्याळ त्यांना दिलं होतं. आता रविवारी नातीचा साखरपुडा, आणि तिनं बापाकडे एकच मागितलं होतं: आजोबांचं घड्याळ.

"पोरीच्या हातात नकली कसं घालू?" म्हणत त्यानं मनगट माझ्यापुढं धरलं.

"नकली कशावरून?"

त्यानं स्टीलच्या पट्ट्याचं लॉक उघडलं. आतून कोरं, गुळगुळीत. "माझ्या लॉकच्या पोटात ढालीवानी शिक्का हाये, त्याखाली आकडे. पट्टा घड्याळाला मिळतो तिथंबी आतनं नंबर हाये. आन् लॉकच्या कडंला घड्याळजीनं सुईनं फुली मारलीय."

जुन्या भारी घड्याळांच्या पट्ट्यांवर अशा खुणा ठोकलेल्या असतात हे मला त्या दिवशीच कळलं. चेहरा मात्र मी जन्मापासून माहीत असल्यासारखा ठेवला आणि सगळं जबाबात घेतलं. घड्याळ शेवटचं काढलं होतं बेल्ह्याला, बैल विकताना. घेणारा नारायणगावच्या बाजूचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बाजारातल्या चहावाल्यानं खबर दिली. नारायणगावजवळच्या वारूळवाडीचा एक जण बैल घेऊन गेल्यापासून भेटेल त्याला थांबवून वेळ सांगत सुटला होता. मी मनातल्या मनात आंतरराष्ट्रीय टोळी पकडून मोकळा झालो. जीप, दोन शिपाई, पंच आणि टेबलावरचं भिंग घेऊन निघालो.

गडी गोठ्यात बैलाला चारा घालत होता. मी दरडावलं, "घड्याळ कुठून आणलं?"

"मुंबईच्या फुटपाथवरनं, साहेब. घेतल्यापासून कधी धड चाललंच न्हाई."

"आता तर चालतंय."

"तेच की! बाजारातनं आल्यापासून टाईम एकदम बरोबर. मी म्हणलं, बैल लई पायगुणाचा निघाला."

एक शिपाई पाठ फिरवून खोकायला लागला. मी आवाज आणखी चढवला. "बाजारात हातातून काढलं होतं?"

"काढलं व्हतं ना. रुमालाखाली बोटं धरून भाव करताना त्या पावण्याचा पट्टा माझ्या पट्ट्यात अडकाया लागला. मंग दोघांनीबी घड्याळं काढून दलालाकडं दिली."

पंचांसमोर लॉक उघडून भिंग धरलं. ढाल होती, आकडे होते, कडेला फुली होती. पट्ट्याच्या टोकाला आतून नंबरही होता. सौदा झाल्यावर दलालानं याचं त्याला आणि त्याचं याला दिलं होतं. माझ्या टोळीत एवढेच लोक निघाले.

गड्यानं घड्याळ माझ्या हवाली केलं. मग बैलाकडे बघून म्हणाला, "म्हंजे ह्यो साधाच बैल हाये व्हय?"

रविवारी साखरपुड्याला मला आणि त्या बैलवाल्या गड्यालाही आग्रहानं बोलावलं होतं. बापानं लेकीच्या हातात घड्याळ घातलं, तर ते घसरत कोपरापर्यंत गेलं. कुणीतरी पट्ट्याच्या कड्या काढायला सांगितल्या. ती म्हणाली, "नको, आजोबांचा हात एवढा व्हता." बाप डोळे पुसत हसत होता आणि वारूळवाडीचा पावणा आपलं बंद घड्याळ मिरवत जिलेबी वाढत होता.

चौकशीत आवाज चढवण्याआधी वस्तू उलटी करून बघावी आणि ज्याला सगळे हसतात त्याचं आधी ऐकावं, हे मी त्या केसमधून शिकलो. हे शिकूनच त्या दिवशी घरी परतलो, तर दारातच बायकोनं विचारलं, "अहो, या कुणाच्या चपला?"

मांडवातून माझ्या चपला चोरीला गेल्या, असं मी ठणकावून सांगत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, वारूळवाडीहून बोलतोय. मगापासून इचार करतोय, आज चपला टोचत कशा न्हाईत. मला वाटलं, पुन्यांदा बैलाचंच काहीतरी."