मोह झाला का?

"घाल," बाई म्हणायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत सुई, आणि हातातला स्वेटर आपल्या अंगावर फेकलेला. आपण तो घालायचा, एक गिरकी घ्यायची. मग पुढचा प्रश्न.

"मोह झाला का?"

"झाला बाई. ठेवून घ्यावासा वाटतोय."

"मग बांध."

म्हणजे तो द्यायच्या खोक्यात. आणि नाही म्हणालात, तर तो स्वेटर दुरुस्तीच्या ढिगात. "तुला नको, तर त्यांच्या गळ्यात कशाला?"

पेठेतल्या एका छोट्या चर्चच्या मागे दोन खोल्या होत्या. लोकांनी दिलेले कपडे तिथे यायचे. धुऊन-शिवून काही मंडईजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांना जायचे, आणि मोठी खोकी देशाबाहेर, कुठे भूकंप तर कुठे लढाई झाली असेल तिथे. बाई शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या. मी हिंजवडीच्या कंपनीतला, मूळचा वाशिमकडचा. चर्चशी माझा संबंध एवढाच, की शनिवारी रूमवर करमायचं नाही आणि तिथे प्रार्थनेनंतर चहा-केक असतो असं रूममेटकडून कळलं होतं. सेवाभाव वगैरे नंतर आला राव.

पहिल्याच दिवशी मी जीभ चालवली. "बाई, आत्ताच प्रार्थनेत म्हणालात, मोहापासून वाचव. आणि आता विचारताय, मोह झाला का?"

"त्याचं काम तो करेल. तू दुसरी बाही घाल."

नकला करणं ही माझी जुनी खोड. चौथ्या शनिवारी ओठांत काडी धरून मी तिथे कामाला येणाऱ्या पोरांसमोर बाई करत होतो. पोरं हसता हसता अचानक गप्प. मागे बाई.

"नाकातून जास्त बोललास. परत कर."

परत केली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रयोग.

एकदा हसवायला म्हणून मी माझ्या शर्टाची गोष्ट सांगितली. पाचवीत मला दानातला शर्ट मिळाला होता. खिशावर कुठल्यातरी भारी शाळेचा बिल्ला, आणि खालची दोन बटणं गायब. वर्षभर पोरं मला 'कॉन्व्हेंट' म्हणायची, अन् मी वर्षभर पोटावर हात ठेवून चालायचो. ते चालणंही करून दाखवलं. सगळे लोळले. बाई हसल्या नाहीत. सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "म्हणून घालून बघायचं."

मग एका शनिवारी आमच्या कंपनीचे साहेब आले. सोबत फोटोवाला, हातात स्वतःचा कोट. फोटो कोट देताना हवा होता. माझं अप्रेझल आठ दिवसांवर. मी देवाला म्हणालो, बाईंना आज दुसरीकडे बघू दे.

"घाला," बाई म्हणाल्या.

"मी? अहो, माझाच आहे तो."

"मग तर लाजायला नको."

साहेबांनी हात घातला. आतलं अस्तर फाटलेलं. हात बाहीत न जाता अस्तरात गेला आणि तिथेच राहिला. साहेब एका पायावर गोल फिरायला लागले. "अहो, निघत नाहीये!"

"ज्याला देणार, त्याचा तरी कसा निघेल?" बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "सुई इथे, दोरा तिथे. या."

मी कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसलं. वर पाहिलं तर साहेब जीभ बाहेर काढून टाके घालत होते आणि बाई सांगत होत्या, "आपण अंगणात रांगोळी काढत नाही आहोत. टाके जवळ घाला." अर्ध्या तासानं साहेबांनी कोट घातला, आरशात पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "झाला. मोह झाला."

"बांधा."

पुढच्या शनिवारी साहेब पुन्हा आले. फोटोवाला नव्हता.

गेल्या थंडीत बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स. महिन्याभरानं त्यांची भाची एक गाठोडं घेऊन आली. "मावशी सांगून गेली आहे, सगळं खोक्यात घाला." वरच त्यांचा मरून रंगाचा स्वेटर होता. खोकी संध्याकाळी डोंगराळ मुलखात निघायची होती, तिकडे बर्फ पडत होता. खोलीतलं कुणी त्या स्वेटरला हात लावेना. मी तो घडी करून कपाटात ठेवायला निघालो. एक राहिला मागे, तर काय बिघडतं?

"घाल," साहेब म्हणाले.

घातला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. बटणं सगळी जागच्या जागी. खिशात हात घातला आणि टचकन टोचलं. आत दोरा ओवलेली सुई खोचलेली. आमचे खिसे तीनतीनदा तपासणाऱ्या बाई स्वतःचा विसरल्या होत्या.

"मोह झाला का?"

बाईंच्या आवाजात उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं. आवाज लागला नाही. माझाच आला, तोही निम्मा.

"झाला."

साहेबांनी चष्मा पुसला. "मग बांध."

मी स्वेटर उतरवून, सगळी बटणं लावून घडी घातली आणि खोक्यात सगळ्यात वर ठेवली.

सुई मात्र ठेवून घेतली. सुईबद्दल बाईंचा काही नियम नव्हता.