विहिणीला घेऊन लाल बसने हसनाबादला

लाल बसनेच जायचं, हे माझ्या होणाऱ्या विहिणीने ठरवलं. पिलारबाई वालेन्सियाहून खास साखरपुड्याला आल्या होत्या. त्यांचा मुलगा आणि माझी मुक्ता आदल्या दिवशीच कारने हसनाबादला, माझ्या दादाकडे पोचले होते. जालन्यात उरलो आम्ही दोघी. बाईंना मराठी शून्य, इंग्रजी त्याहून जेमतेम वर. पण मी सहा महिने मुक्ताकडून फोनवर स्पॅनिश शिकत होते. कारण एकच: व्याहीभेटीला मला उभं राहायचं होतं. मुक्ता चार वर्षांची असताना तिचे वडील गेले, वाढवलं मी. आणि दादाने मात्र आधीच सांगून टाकलं होतं, "पद्धत हाय, सुधा. व्याही-व्याही भेटतेत ते पुरुषच."

मी "बरं" म्हणाले. मनात काय म्हणाले ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही.

जाणाऱ्यांनी स्टँडवर आठच्या आत पोचावं, नंतर खिडकी मिळत नाही. कंडक्टरने आम्हाला पाहून दोन अर्धी तिकिटं फाडली.

"यांनाही अर्धं?" मी विचारलं.

"बाई हायेत ना? मंग बराबर हाय."

पिलारबाईंना हे इतकं आवडलं की तिकीट त्यांनी पासपोर्टात ठेवलं.

बस सुटली आणि मी वही काढली. माद्रे म्हणजे आई, पाद्रे म्हणजे बाप. इथवर ठीक. पण आईबाप दोघं मिळून? पाद्रेस! म्हणजे पोटात वागवायचं मी आणि अनेकवचन बापाचं. आपल्याकडे निदान आईवडील म्हणताना आई आधी येते. मावश्या, आत्या, काकवा सगळ्या तिआस. पण नऊ तिआसमध्ये एक काका येऊन बसला की अख्खी रांग तिओस. बहिणींचंही तेच, एर्मानास होत्या, एक भाऊ आला की एर्मानोस. एकटा पुरुष नऊ बायकांना पुल्लिंगी करतो, आणि बायका नव्व्याण्णव असल्या तरी त्याला काही होत नाही! मी हे सगळं हातवारे करून मांडलं. पिलारबाईंनी खांदे उडवले आणि मला शेंगदाणे दिले.

राजूरला गणपतीचं दर्शन घ्या, समोर चहा आणि मिरचीची भजी घ्या. तिथवर रस्ता लोण्यासारखा, पुढे कमरेचा पट्टा लागेल. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा होत्या. त्या धक्क्यांतच मी विचारलं, तुमचा मुलगा, माझी मुलगी, मग आपण दोघी एकमेकींच्या कोण?

"कोन्सुएग्रा," त्या म्हणाल्या.

मी सीटवरून उडाले, आणि या वेळी खड्डा नव्हता. कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकवताना सिस्टरांनी सासू, जाऊ, नणंद सगळ्यांना एकाच 'इन-लॉ'च्या डब्यात कोंबलं होतं, आणि विहिणीला तर त्या डब्यातही जागा नव्हती. स्पॅनिशमध्ये विहीण आहे! पुढच्या सीटवरचे आजोबा वळून म्हणाले, "काय सापडलं का बाई?"

"विहीण सापडली!"

"हरवल्ती का?"

दादाच्या अंगणात वहिनीने गरम हुरडा आणि लसणाची चटणी पुढे केली. पिलारबाई तिखटाने रडत खात राहिल्या. मग मुक्ताची ओटी भरली, अंगठ्या झाल्या आणि दादा टॉवेल-टोपीचं ताट घेऊन उभा राहिला. समोर शेजारचे गुरुजी, छाती काढून.

"गुरुजी कशाला?" मी विचारलं.

"त्यांच्याकडून कुणी पुरुष न्हाई ना," दादा म्हणाला. "मंग गुरुजी त्यांचे व्याही म्हणून उभे."

म्हणजे पद्धत पाळायला दादाने समोरच्या बाजूचाही माणूस आपल्याच गल्लीतून आणला होता. दोघांनी एकमेकांना टिळा लावला, दादाने गुरुजींना टोपी घातली आणि रोज पारावर भेटणारे ते दोघं गळ्यात गळे घालून उभे राहिले. दोघी आया मागे, सतरंजीच्या टोकाला.

पिलारबाईंनी माझ्या कानाशी विचारलं, हे कोण? सहा महिन्यांची सगळी तयारी गोळा करून मी म्हणाले, "एल एरेस तू." ते म्हणजे तुम्ही.

आधी त्या हसल्या. मग सरळ पुढे गेल्या, गुरुजींच्या डोक्यावरची टोपी अलगद उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, मागे वळल्या आणि सगळ्यांदेखत मला कडकडून मिठी मारली. "कोन्सुएग्रा!" मुक्ता रडत होती. मी? मी हसत होते, बहुतेक.

दादा ताट धरून म्हणाला, "मंग मी कुणाला भेटू?"

"गुरुजींना भेटलास की," वहिनी म्हणाली, आणि सगळ्यांत आधी गुरुजीच खो खो हसले.

परतीची शेवटची बस किती वाजता ते आधीच विचारून ठेवा, आमची चुकली. जीपने राजूर गाठलं. टोपी आता वालेन्सियाला आहे. माझ्याकडे मोडकी कंबर आणि अर्धी भरलेली वही. काल वहिनीचा फोन आला. उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्याचं लग्न आहे.

"ताई, त्यो शब्द काय व्हता? सांगा, लिहून घेते. आवंदा व्याहीभेटीला मी बी उभी राहाणार."

"दादाला सांगितलंस?"

"समोरच बसलेत. जरा जोरात बोला."