कोऱ्या कानांचं पिल्लू

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि याचा मला अभिमान आहे. त्यामुळे आईसाठी पक्षी घ्यायचं ठरल्यावर आधी सगळं वाचून काढलं. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी. नवख्याने कॉकॅटिल हा छोटा परदेशी पोपट घ्यावा. शीळ घालतो, चारदोन शब्द शिकतो. तेवढे पुरे होते. तंजावरच्या आमच्या घरात आईशी मराठी बोलणारा मी एकटा, तोही दिवसभर ऑफिसात. मुलांना कळतं, पण उत्तर तमिळमध्ये देतात.

दुकानदाराने वर्षभराचा नर दाखवला. "सार, पहिलाच पक्षी ना? हाच न्या. दाणे आपले आपण खातो."

तेवढ्यात तो पक्षी मला "वांगो, वांगो" म्हणाला. म्हणजे या, या.

मला तिथेच खटकलं. घरात आणखी एक तमिळ बोलणारा! मी शेजारच्या खोक्यातल्या अर्धवट पिसांच्या पिल्लाकडे बोट दाखवलं.

"त्याला अजून भरवावं लागतं, सार. कोमट, दर चार तासांनी. तीन आठवडे थांबा, दाण्यावर आलं की न्या."

"तोवर तुमचं तमिळ ऐकेल की ते!"

तो हसला. "पक्ष्याला कसली भाषा, सार? त्याला पोट असतं."

नवख्याने भरवावं लागणारं पिल्लू घेऊ नये, हे मीही वाचलेलं होतं. तरी पिल्लू घेऊन आलो.

आई हरखली. "खा रे माझ्या राजा," म्हणत चमच्याने भरवायची. कोमट म्हणजे किती, हे मी तिला सांगितलं नाही; मलाच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी गळ्याखालची पिशवी फुगली, अन्न खाली उतरेना. पाचव्या दिवशी सकाळी पिल्लू मेलं.

"माझ्याच हातानं गेलं रे. मी गार भरवलं असणार."

"असू दे आई, होतं असं," मी म्हणालो. जणू मीच तिला माफ करत होतो.

पुढे तो मोठा नर आणू का विचारलं. "नको. माझ्या हाती जीव देऊ नकोस." खरं तर भाजीवालीशी ती तासभर तमिळमध्येच गप्पा मारते. मराठीचा हट्ट माझा होता.

आईला तमिळ लिपी येते, देवनागरी वाचता येत नाही. काल हे तिला वाचून दाखवायला बसलो. दुकानदाराच्या बोलण्यापाशी आलो आणि तेवढं गाळून पुढे गेलो; पुढे कोमटाचं आणि माझ्या हट्टाचंही गाळलं.

"माझी चूक लिहिलीस, बरं केलंस," आई म्हणाली. "वाचणारे तरी जपतील."