बूट झटकणाऱ्या माणसाचं गाणं

आमच्या बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी कोणी ओळखणार नाही, आणि त्याच्या गायकाले फुकटची प्रसिद्धी मी काहून देऊ?

चौघं होतो. मी गिटारवर, एक बेसवर, एक ड्रमवर आणि समोर माइक धरून तो. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्याच्याच गच्चीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चाले. शहर नवंनवं राजधानी झालं होतं. दर आठवड्याला कुठं ना कुठं फीत कापणं सुरू, आणि फीत कापली की मागून गाणंबजावणं पाहिजेच. ऑर्केस्ट्रावाले सिनेमाची गाणी म्हणत, आम्ही आमची. रॉक म्हटलं की लोकांना नुसता धिंगाणा वाटे. आमचं तसं नव्हतं. गिटार कडक वाजो, पण ऐकणारा घरी जाताना चाल गुणगुणला पाहिजे, हा माहा हट्ट. चाली सगळ्या मीच बांधायचो.

आता आतली गोष्ट. त्याचा आवाज गोड होता, खोटं कशाले बोलू, पण वर जात नव्हता. म्हणून दर कार्यक्रमाआधी मी माही गिटार अन् बेस, दोन्ही गिटारी दोन पट्ट्या खाली उतरवून ठेवायचो. त्याले कधी सांगितलं नाही. दुखावला असता ना बिचारा! वरचा सूर लागला की तो कॉलर ताठ करून आमच्याकडे पाहायचा, अन् आम्ही तिघं मान खाली घालून वाजवत राहायचो. दोन वर्षं त्याची अब्रू आम्हीच झाकली.

मग मी बाबांवर गाणं केलं. बाबा रेल्वेच्या माल ऑफिसात बाबू. भनपुरीकडून सायकलवर घरी आले की आधी दारात बूट काढून झटकत. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी पायरीवर पडे, मग आत येत. गाणं एवढंच. हिंदीत, मधे दोन ओळी छत्तीसगढीच्या.

बाबांच्या डोळ्यात माही गिटार खुपायची. "हे टुणटुण करून कोणाचं भलं झालं?" म्हणत. तरी त्यायले मी कार्यक्रमाले बोलावलं, पहिल्यांदाच. गाणं त्यायच्यावर आहे हे मुद्दाम सांगितलं नाही. अनाउन्सर बाई माहं नाव घेईल, तेव्हा कळलं पाहिजे की पोट्ट्यानं काहीतरी केलं. त्या एका क्षणासाठी महिनाभर मले धड झोप नव्हती.

कार्यक्रमाआधी बाईच्या हातातली चिठ्ठी पाहिली. गायकाच्याच अक्षरात. गीत, संगीत, गायन, तिन्हीपुढे त्याचंच नाव.

"काहून रे? गाणं माहं आहे."

तो हसला. "अरे यार, पब्लिक तो सिंगर को ही जानती है. तू तर घरचाच आहे ना."

घरचाच! तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच त्याची गचांडी धरली असती, पण बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. मी पडद्यामागे गेलो अन् गिटारींच्या खुंट्या पिळल्या. खऱ्या पट्टीत आणल्या, आणि वर आणखी एक पट्टी चढवली. बेसवाल्याचे कान टवकारले.

"भैया, चढून राहिलं."

"हव."

चिठ्ठीची गोष्ट त्यालेही कळली होती. "मग चढू दे," म्हणाला.

बाईनं त्याचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. मुखडा वर गेला अन् त्याचा गळा असा चिरकला की पुढच्या रांगेतल्या साहेबांनी कानाचा मोबाइल खाली घेतला. त्यानं गर्रकन माह्याकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून मुखडा परत घेतला. परत चिरकला. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कोणी "जूता मारो" ओरडलं, सगळा मांडव हसला. मी तिसऱ्यांदा घेतला. अस्सा आनंद झाला मले!

तो परत कधी माइकपुढे उभा राहिला नाही. बँड तिथंच संपला. मले त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पुन्हा संधी दिली तर पुन्हा खुंट्या पिळीन.

परतताना बाबा सायकल हातात धरून माह्यासोबत चालत होते. मग म्हणाले, "तू बरा वाजवते रे." जन्मात पहिल्यांदा.

माहं काळीज एवढं मोठं झालं. सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं.

"पण गाणं काय ते!" बाबा म्हणाले. "दिवसभर राबून आलेल्या माणसाची टिंगल लावली नुसती. लोक हसून राहिले होते. मले तर मान वर करायची लाज वाटली. बरं झालं, ते तुहं नव्हतं."

"हव," मी म्हटलं. बाबा वारले, तोवर ते खोटं मी मागे घेतलं नाही.