इंजिनाची बैठक

भटूच्या मोटरसायकलची चौकट सुरतेच्या दमट हवेनं खाल्ली आणि एक दिवस कडोदऱ्याच्या रस्त्यावर मधोमध मोडली. लोखंड भंगारात गेलं. इंजिन मात्र भटूनं उधन्याच्या खोलीवर आणलं आणि बायकोला, सुंदराला, सांगितलं, "याले तीन चाकं लावसूत आनी गावले जासूत. तठेच राहसूत." सुंदरानं ते खरं मानलं. नवऱ्याच्या शब्दावर तिनं याआधीही बरंच काही मानलं होतं, पण तो वेगळा विषय.

तिचं माहेर शिंदखेड्याकडे. पहिल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, भटूनं तिला याच गाडीवरून नेलं होतं. कोंडाईबारीचा घाट चढताना तिनं त्याचा सदरा घट्ट धरला होता, आणि गावात शिरताच झोके सोडून मैत्रिणी धावत आल्या होत्या. पुढच्या आखाज्या सुरतेतच गेल्या. तिकडे निंबाला दोर बांधले असतील, पोरी गात असतील, एवढं मनात आलं तरी तिला गहिवरून यायचं. सुरतेत पोटाला कमी नव्हतं. जीव लागत नव्हता.

भटू यंत्रमागांचा फिटर. माग सूतभर कलला तरी कापडात खोट येते, म्हणून त्याला जगात सगळं सपाट लागायचं, घरातला पाटसुद्धा. इंजिन फळीवर ठेवून त्यानं बुडाला लेव्हल लावली आणि बुडबुडा मधोमध आणला. किक मारली की इंजिन खोकायचं, कार्बोरेटरमधून पेट्रोल गळायचं आणि बंद पडायचं. भटू इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

कार्बोरेटरची वाटी पुसायला त्यानं सुंदराकडे दिली. आत पेट्रोलची तांबूस रेघ होती, काठाला तिरकी. "हाई आशी वाकडी का शे?" तिनं विचारलं.

भटूनं कपाळावर हात मारला. इंजिन गाडीत पुढून जरा उचललेलंच बसायचं. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून तिथं रेघ उरली होती. ती सपाट हवी, बूड नव्हे. त्यानं तशीच रेघ वाटीच्या बाहेर खिळ्यानं ओढली, वाटी बसवली आणि रेघ लेव्हलला येईपर्यंत इंजिनाखाली पाचरी सरकवल्या. मग किक मारली.

तोच आवाज! सुंदराला घाट दिसला, धूळ दिसली, आई दारात दिसली. ती हसत म्हणाली, "आते चाकं कधी लावतस?"

भटूनं इंजिन बंद केलं. कोपऱ्यात सिमेंट कालवून ठेवलेलं होतं. "चाकं नही," तो खाली बघत म्हणाला. "लाइट गयी का याच्यावर मागाच्या सुताच्या कांड्या भरसूत. तुलेबी घरबसल्या काम व्हई. गावले काय शे आते?"

"आनी आखाजी?"

"यष्टीनं जाय तू."

"आनी तुम्ही?"

त्यानं पाचरींभोवती सिमेंट भरलं आणि थापी चालवता चालवता म्हणाला, "जरा धर. हालू देऊ नको. बैठक गयी ते सगळं फुकट."

सुंदराचे डोळे भरून आले. तरी तिनं दोन्ही हातांनी इंजिन धरलं, आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत तसूभर हलू दिलं नाही.